लाकडाचं कुटार

ओल्या बाभळीला करवत लागली की जो वास सुटतो, तो मला डोळे मिटूनही ओळखू येतो. काथ जास्त झालेल्या विड्यासारखा तुरट वास. परवा अमरावतीहून अकोल्याला माहेरी निघाले होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीची काच खाली होती आणि तो वास एकदम आत आला. ड्रायव्हरला म्हटलं, थांबा जरा. तो बिचारा समजला, मॅडमना मळमळतंय. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले. लांब कुठंतरी मशीनची घरघर चालली होती, हरभरा निघून गेलेली शेतं पिवळट दिसत होती आणि पळसानं लाल व्हायला घेतलं होतं. फेब्रुवारी संपत आलेला. उलंगवाडीचे दिवस.

उलंगवाडी हा शब्द वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगायचा म्हणजे जरा पंचाईतच होते. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला वाटलं होतं, हा एखादा सण असेल. म्हटलं, आहेच, फक्त गोडधोड नसतं. कपाशीची शेवटची वेचणी आटोपते, गाव ठरवतं की आता झालं, आणि सगळी शेतं गुरांना मोकळी होतात. कुणाचंही ढोर कुणाच्याही वावरात शिरतं, राहिलेली बोंडं आणि पाला खातं, आणि कुणी कुणाला हटकत नाही. पावसाळ्यापासून ज्या धुऱ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला, शेळीनं नुसतं तोंड घातलं तरी शिव्यांचा पाऊस पाडला, त्याच धुऱ्यावरून त्या दिवशी गावभरची गुरं धूळ उडवत जातात. धुरा म्हणजे आमच्याकडचा बांध. पण बांध म्हटलं की मातीचा ढिगारा डोळ्यांसमोर येतो, आणि धुरा म्हटलं की भांडण.

हे मी उगाच म्हणत नाही. माझे बाबा अकोल्याला वकिली करायचे आणि त्यांच्या पक्षकारांतले निम्मे तरी धुऱ्याचे असायचे. आमच्या घराच्या विटा धुऱ्यांवरून आल्यात, असं ते स्वतःच हसत सांगतात. सकाळी चहाच्या वेळी ओसरीवर कुणीतरी टोपी काढून बसलेला असायचा. "वकीलसाहेब, त्यानं माह्यं तास खाल्लं." तास म्हणजे नांगराची एक रेघ. शेजाऱ्यानं नांगरताना एक रेघ आपल्याकडे सरकवून घेतली, एवढाच काय तो गुन्हा. त्या रेघेसाठी माणसं म्हातारी होईपर्यंत तारखांना यायची, आणि कोर्टाच्या आवारात एकाच हॉटेलात बसून, एकमेकांकडे पाठ करून, आलुबोंडे खायची. मला लहानपणी वाटायचं, जगात जमीन सरकते ती अशीच, एका तासानं, आणि नेहमी दुसऱ्याच्या बाजूला.

माझं काम मात्र लाकडाचं. मी कृषी अभियांत्रिकी शिकले, आणि झाड कसं तोडायचं, तोडलेलं कसं वाहायचं आणि उरल्यासुरल्या काड्याकाटक्यांतून जाळण्याजोगं काही काढायचं कसं, याच विचारात नोकरीची वर्षं गेली. लग्नाच्या वेळी यावरून आईची फार कोंडी व्हायची. मुलगी इंजिनिअर आहे, इथपर्यंत पाहुणे खूश असायचे. "कशातली?" म्हटलं की आई चहा बघायला आत जायची.

त्या एका वर्षीची उलंगवाडी माझ्या डोक्यातून कधी जातच नाही. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती, केस जरा जास्त काळे होते, आणि आमच्या संशोधन केंद्रात नवं मशीन आलं होतं. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, पोटात पात्यांचा ढोल असलेलं. एका तोंडानं फांदी घातली की दुसऱ्या तोंडातून बोटाच्या पेराएवढे तुकडे फवाऱ्यासारखे उडायचे. आम्ही त्याला अहवालात भलंमोठं नाव दिलं होतं. गावातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी ते नाव बाजूला ठेवलं. तूर-हरभरा काढल्यावर जो भुसा उरतो त्याला आमच्याकडे कुटार म्हणतात. मशीनमधून निघालं ते लाकडाचं कुटार, आणि मशीन झालं कुटाराचं मशीन. पुढं आम्हीही तसंच म्हणायला लागलो.

हे कुटार अकोल्याच्या एका डाळमिलवाल्याला हवं होतं. डाळ वाळवायची त्याची भट्टी आधी अख्ख्या लाकडांवर चालायची, आणि ती लाकडं कुठून यायची हे विचारण्यात अर्थ नव्हता. धुऱ्यावरच्या बाभळी बुडापासून जायच्या. आमचं म्हणणं साधं होतं. झाड तोडू नका. दर काही वर्षांनी खालच्या आडव्या फांद्या काढा, वरची छत्री ठेवा. फांद्यांचं आणि पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचं, कुटार करा, भट्टी त्याच्यावर चालेल. कागदावर हे इतकं सोपं दिसत होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू.

प्रयोगासाठी आम्हाला बार्शीटाकळीच्या पुढच्या एका गावात वासुदेवभाऊंचं वावर मिळालं. उंच, किडकिडीत माणूस, बोलणं तोडून टाकणारं. पुण्याच्या माणसाला वाटलं असतं, आता हा मारतो. आम्हाला काही वाटलं नाही, आमच्या घरी जेवायला वाढतानाही लोक असंच बोलतात. त्यांच्या वावराच्या एका कडेला बाभळींची सरळ ओळ होती. जुन्या, जाड, एकमेकींत फांद्या गुंतवून उभ्या असलेल्या. त्या काळ्याभोर सपाट रानात दुसरं झाड नजरेला पडत नव्हतं.

"मॅडम, या बाभळीनं मले काय देल्लं सांगा," वासुदेवभाऊ म्हणाले. "ट्रॅक्टरवाला धुऱ्यापर्यंत येत नाई, म्हणते फांद्या तोंडाले लागते. टायरात काटे घुसते. सावलीखालची कपाशी उठत नाई. आरामशीनवाला लाकूड पाहून गेला. देऊन टाकतो ना बाप्पा सबन."

त्यांच्या बायकोचं नाव बेबीताई. वऱ्हाडात सत्तर वर्षांच्या बेबीताईही असतात, ही पन्नाशीच्या आतलीच होती. ती त्यांच्यासमोर काही बोलली नाही. मला विहिरीकडं हात धुवायला घेऊन गेली आणि बादली ओतता ओतता म्हणाली, "ताई, वेचनीच्या बाया कोनाच्या वावरात पहिले जाते, मालूम आहे? जिथं डबा खायले सावली हाय तिथं. या शिवारात सावली फकस्त आमच्या धुऱ्याले हाय. म्हनून बाया येते. आमच्या मालकायले वाटते, त्यायच्या तोंडाकडं पाहून येते."

मी इतकी हसले की पाण्याचा लोटा सांडला. पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून फुटलेला कापूस वाऱ्यानं जमिनीवर लोळताना मी त्याच तालुक्यात पाहिला होता. बाभळी गेल्या असत्या तर बेबीताईला पुढच्या हंगामात दारोदार फिरून बाया गोळा कराव्या लागल्या असत्या. त्याहून साधं म्हणजे, भर दुपारी तिला स्वतःलाही टेकायला जागा उरली नसती. तिचं सगळं आयुष्य त्या ओळीखाली डबा सोडत आलं होतं. ती ओळ तिला हवी होती आणि मलाही हवी होती. वासुदेवभाऊंना नको होती, आणि वावर वासुदेवभाऊंच्या नावावर होतं.

शेवटी ते तयार झाले, पण अट घालून. "तुमी फांद्या काहाडा. पन उलंगवाडीच्या दिवशी मी नांगरटीचा ट्रॅक्टर आनून राह्यलो. त्या दिवशी वावरात फांदीचा एक फाटा जरी पडेल दिसला, तं आरामशीनवाल्याले फोन."

मी म्हटलं, मंजूर. मला तेव्हा सगळंच मंजूर असायचं.

फांद्या काढायला चार-दोन दिवसच लागले. आमचा मुनीरभाई, केंद्रातला मशीनचालक, लांब दांड्याची करवत अशी चालवायचा की फांदी आवाज न करता खाली यायची. खाली आलेल्या फांद्या आम्ही पानांसकट तशाच पडू दिल्या. यामागं शास्त्र आहे. तोडलेल्या फांदीला पानं असली की ती पानं काही दिवस लाकडातलं पाणी ओढून हवेत सोडत राहतात, आणि लाकूड फुकटात वाळतं. ओलं लाकूड भट्टीत घातलं तर निम्मी आग पाणी उडवण्यातच जाते. हे मी वासुदेवभाऊंना नीट समजावून सांगितलं. बकऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी येऊन बघतो तो गावातला एक कळप पुढचे पाय फांद्यांवर ठेवून निवांत चरत होता, आणि बाभळीचा पाला म्हणजे बकऱ्यांची मेजवानी.

"मॅडम," मुनीरभाई गंभीर चेहरा करून म्हणाला, "आपलं संशोधन तर बकऱ्यांनी खाऊन टाकलं. आता अहवालात लेंड्या लिहा."

मी बकऱ्या हाकलल्या, राहिलेल्या फांद्यांभोवती काटेरी डहाळ्या लावल्या, आणि बेबीताई दुपारभर काठी घेऊन बसली. लाकूड वाळलं. हातात घेतलं की हलकं लागायचं, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यायचा. डाळमिलच्या शेटजींनी नमुना पाहून मान हलवली. सगळं कसं ठरल्याप्रमाणं चाललं होतं.

आणि मग मशीन पांदणीत अडकलं.

पांदण म्हणजे गावातून शेतांकडे जाणारी वाट. डांबरी रस्ता सोडला की वासुदेवभाऊंच्या वावरापर्यंत पांदणच होती, दुसरी वाट नव्हती. मुनीरभाईनं ट्रॅक्टर आत घातला, थोडा पुढे गेला, आणि दोन्ही बाजूंच्या काटेरी कुंपणांनी मशीनला असं धरलं की पुढंही जाईना आणि मागंही येईना. मी उतरून पुढं गेले, पांदणीच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले. डाव्या हाताला काटा लागला. उजव्या हाताला काटा लागला. नकाशात ही पांदण दोन बंड्या शेजारून जातील एवढी रुंद होती. बंडी म्हणजे आमची बैलगाडी. प्रत्यक्षात एक बंडी जेमतेम गेली असती.

आता सांगायला मजा वाटते, पण तेव्हा आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिलो. केंद्रातून मशीनची उंची, वजन, पात्याची धार, फांदीची जाडी, लाकडातला ओलावा, सगळं मोजून झालं होतं. पांदण कुणी मोजली नव्हती. विसरलो नव्हतो. मोजायची नसते म्हणून मोजली नव्हती. वऱ्हाडात पांदणीत कुणी टेप धरला की दोन्हीकडच्या वावरांतून माणसं काठ्या घेऊन येतात, कारण टेप निघाला म्हणजे दावा लागला. पांदण खाल्लेली असते, हे सगळ्यांना माहीत असतं. डावीकडच्यानं एक तास, उजवीकडच्यानं एक तास, आजोबांनी थोडं, नातवानं थोडं. कुणी खाल्ली हेही माहीत असतं. बोलायचं मात्र नसतं. आम्ही सगळे त्याच मातीतले. आमच्यात एखादा बाहेरचा, अडाणी, उद्धट माणूस असता तर त्यानं पहिल्या दिवशी टेप लावला असता आणि सगळं निभावलं असतं.

डावीकडचं वावर वासुदेवभाऊंचंच होतं, हेही मला दिसत होतं. वकिलाची मुलगी मी. कुंपण किती आत आलंय हे मला न मोजता कळतं. मी काही बोलले नाही.

डावीकडून जायचं तर वासुदेवभाऊंनी पुढे आणलेलं कुंपणच तोडावं लागलं असतं, आणि ते म्हणजे टेप लावण्यासारखंच. उजवीकडून वळसा घालावा, तर शेजाऱ्याची कपाशी उभी होती. ज्याच्याकडे पाणी असतं तो शेवटच्या वेचणीनंतरही पऱ्हाटी उपटत नाही, पाणी देऊन आणखी थोडी बोंडं फुटायची वाट बघतो. त्याला फरदड म्हणतात. उभ्या फरदडीतून ट्रॅक्टर कोण जाऊ देईल? उलंगवाडी झाली की कुठूनही जाता आलं असतं, पण आमची मुदत उलंगवाडीपर्यंतच होती. आणि उलंगवाडी आली होती परवावर.

कॉलेजात असताना आम्हाला सेमाडोहला नेलं होतं, सागाच्या लाकडांची तोड आणि वाहतूक दाखवायला. तिथले म्हातारे वनपाल आम्हाला डोंगराच्या अंगावरून उतरलेला एक कच्चा रस्ता दाखवत म्हणाले होते, झाड सगळ्यात शेवटी बघायचं पोरांनो, आधी हे बघा. बुंधा कुठं पडणार, तिथून बैल त्याला कुठवर ओढणार, ट्रक कुठं उभा राहणार, हे ठरलं की मग करवत. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, परीक्षेत त्यावर चांगले मार्क मिळवले होते. जंगलात वाट नसते म्हणून माणूस वाटेचा विचार करतो. शेतात वाट आहेच, असं आपण धरून चालतो.

त्या संध्याकाळी वासुदेवभाऊ पांदणीच्या तोंडाशी आले, अडकलेल्या मशीनकडं पाहिलं आणि म्हणाले, "मशीन येत नाई, तं बाभूळ जाते. मी काई बेइमानी करून राह्यलो नाई, ठरलं होतं." खरंच होतं. मला राग आला तो त्यांचा नाही, त्या काट्यांचा. मुनीरभाईनं कसंबसं मशीन मागं काढून रस्त्याला लावलं. मी तिथंच मुरमावर बसले आणि विचार करायला लागले, आणि विचार करता करता दिसलं की वाळलेली फांदी काही जड नसते. मशीन लाकडाकडे जात नसेल तर लाकूड मशीनकडे यायला हवं. जगभर हेच करतात. आम्हालाच शेतात उभं राहून फवारा उडवण्याची हौस होती.

मी हे बोलेपर्यंत बेबीताई एक फांदी ओढत पांदणीतून येत होती. तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं. तिच्यामागं शेजारच्या वावरात वेचणीला आलेल्या बाया होत्या. दिवसभराचं काम संपवून घरी निघालेल्या, कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या, आणि प्रत्येकीच्या हातात एक फांदी. दुपारी सगळ्या जणी त्याच बाभळींखाली जेवल्या होत्या. पांदणीतून फांद्या घासत येतानाचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यांच्यातली एक पोक्त बाई माझ्यासमोर फांदी टाकून म्हणाली, "घ्या मॅडम. घरी तं जातोच, खाली हात कायले जावं?"

वासुदेवभाऊ धुऱ्यावर उभे राहून बघत होते. बेबीताई दुसरी फांदी घेऊन आली तेव्हा तिच्या पोटरीवर रक्ताचा ओरखडा होता. ती परत वळली. तिसऱ्या खेपेला ते खाली उतरले.

"पाय फाडून घेते का व? सरक तिकडं," ते ओरडले आणि गोठ्याकडं गेले. थोड्या वेळानं खडखडाट करत बंडी आली. ती बंडी ते विकणार होते, गिऱ्हाईक येऊन पाहूनही गेलं होतं. चाकं बाभळीचीच, त्यांच्या वडिलांनी करून घेतलेली. बैलजोडीला बरेच दिवस जू माहीत नव्हतं, ते जरा हुज्जत घालत होते. बंडी पांदणीत शिरली, दोन्हीकडच्या कुंपणाला चाटत चाटत, आणि गेली. जिथं आमचं मशीन अडकलं होतं तिथून गेली. मुनीरभाईनं टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कायले वाजवता? भरा ना," वासुदेवभाऊ म्हणाले.

दुसरा अख्खा दिवस बंडीच्या खेपा चालल्या. वासुदेवभाऊ हाकायचे, आम्ही भरायचो, रस्त्यावर मुनीरभाई फांद्या मशीनला खाऊ घालायचा. त्या ढोलाच्या आवाजापुढं कुणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हातवारे करत होते. वासुदेवभाऊ हातवाऱ्यांतही भांडायचे. कुटाराचा ढीग वाढत गेला, त्याला हात लावला की कोमट लागायचा, आणि तो तुरट वास पार गावच्या पारापर्यंत गेला. म्हातारी माणसं काय चाललंय बघायला आली, मूठभर कुटार घेऊन नाकाला लावून गेली. घामानं मशीनचा भुसा माझ्या मानेला चिकटला होता आणि मला आयुष्यात क्वचितच इतकं बरं वाटलं असेल.

शेवटची खेप उलंगवाडीच्या सकाळी निघाली. गुरं सुटली होती. घंटा, धूळ, गुराख्यांच्या आरोळ्या, आणि त्या सगळ्या लोंढ्याच्या उलट दिशेनं पांदणीतून येणारी ती एक बंडी, वर फांद्यांचा डोंगर, त्याच्यावर बेबीताई बसलेली, एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातानं फांद्या दाबून धरत. गाईंना बाजू द्यायला जागा नव्हती. वासुदेवभाऊंनी बैल थांबवले, गुरं कुंपणाला घासत निघून जाईपर्यंत वाट पाहिली. मग खाली उतरून त्यांनी मागं बघितलं. धुऱ्यावर एकही फाटा नव्हता. बाभळी खालून मोकळ्या झाल्या होत्या, वर छत्री तेवढी राहिली होती, आणि तिच्याखाली एक गाय आधीच जाऊन उभी राहिली होती.

दुपारी नांगरटीचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर मान न वाकवता थेट धुऱ्यापर्यंत गेला आणि वळला. वासुदेवभाऊंनी खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. "राहू द्या आता," ते म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बेबीताईनं माझ्याकडं पाहिलं. मला रडू आलं. धूळ गेली डोळ्यात, असं मी मुनीरभाईला सांगितलं.

तर परवा त्या वासानं हे सगळं उठवलं. अकोल्याला पोचल्यावर बाबांना म्हटलं, उद्या बार्शीटाकळीकडं जाऊन येते. बाबांनी वकिली सोडून बरीच वर्षं झाली, ऐकू कमी येतं, पण धुरा हा शब्द बरोबर ऐकू येतो. म्हणाले, "मीही येतो. किती दिवसांत वावर पाहिलं नाही."

मध्यंतरी फांद्या पुन्हा काढून झाल्याचं मला फोनवर कळत असे. मशीन आता आमच्या केंद्राचं नाही, त्या गावच्या शेतकरी गटानं स्वतःचं घेतलंय, आमच्यापेक्षा चांगलं, आणि पऱ्हाट्याही त्यातच जातात, वावरात जाळत नाहीत. लाकडातला ओलावा मोजायला टोचायचं यंत्र आलंय. बाया वेचणीला अजून त्याच धुऱ्याखाली जेवतात. बाबांना हे सगळं मी गाडीत मोठमोठ्यानं सांगत होते. इतकी बोलत होते की डांबरी रस्ता कधी संपला कळलं नाही. गाडी थांबली तेव्हा समोर बाभळी होत्या.

मी खाली उतरले आणि मागं वळून पाहिलं. आमची मोटार पांदणीतून आली होती. काचेला एक काटा घासला नव्हता.

वासुदेवभाऊ डोक्याला उपरणं बांधून आले. आता थोडे वाकलेत, आवाज तोच. मी पांदणीकडं बोट दाखवलं.

"मांगच्या उलंगवाडीले सरकवला धुरा आतमंदी," ते म्हणाले. "मंग शेजाऱ्यानंबी सरकवला. मी सरकवल्यावर त्याले काय तोंड होतं?"

बाबा कानामागं हात धरून ऐकत होते. त्यांनी सगळं आयुष्य ज्या प्रश्नांवर काढलं, तेच प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप आले. "नोटीस कोणी दिली होती?"

"नोटीस कायची, साहेब?"

"मोजणीवाला आला होता?"

"नाई बा."

बाबांनी हातातली काठी जमिनीत रोवली. मग कोर्टात कधी न वापरलेल्या भाषेत म्हणाले, "मंग काहून सोडली राजा जमीन?"

वासुदेवभाऊंनी बाभळींकडं पाहिलं. खाली बेबीताई दोन-चार बायांमध्ये डबा सोडून बसली होती आणि आम्हाला हातानं बोलावत होती. "सावली ठेवली, साहेब," ते म्हणाले. "मंग तिच्यापर्यंत रस्ता नाई पाह्यजे का?"

बाबा पांदणीच्या मधोमध चालत गेले. काठी माझ्या हातात दिली. आणि त्यांनी दोन्ही हात पसरले, जितके जातील तितके. डाव्या हाताला काही लागलं नाही. उजव्या हाताला काही लागलं नाही. ते तसेच उभे राहिले, उन्हात, तोंड जरा उघडं ठेवून, इतका वेळ की मागून आलेल्या कुटाराच्या मशीनवाल्याला शेवटी हॉर्न वाजवावा लागला.

"बाबा, सरका," मी ओरडले.

बाबा बाजूला झाले. बाजूला व्हायला जागा होती.